आजोळाच्या दारी सरकारही हवे

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा देशभरातल्या बालगृहांत आणि तत्सम संस्थांत सुमारे 2 लाख 27 हजार मुले राहत होती. संसर्गाच्या भीतीने संस्थांतली गर्दी कमी करण्याचे आदेश निघाले आणि त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयापुढे जो हिशेब आला, त्यानुसार यांतली 1 लाख 45 हजारांहून अधिक मुले आपापल्या कुटुंबांत किंवा पालकांकडे परतली होती. या मुलांच्या शिक्षणासाठी राज्यांनी दरमहा 2,000 रुपये द्यावेत, असेही न्यायालयाने तेव्हा सांगितले. साथीच्या धामधुमीत झालेली ही पाठवणी आदर्श होती असे कुणी म्हणणार नाही. प्रत्येक घराची नीट चौकशी करायला तेव्हा सवडही नव्हती. तरी त्या आकड्यांनी एक गोष्ट उघड केली. ज्यांना आपण सर्रास अनाथ म्हणतो, त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश मुलांना जायला कुणाचे तरी घर होते. कुणाची आई होती, कुणाचे आजी-आजोबा, कुणाचा मामा. ती माणसे नव्हती म्हणून मूल संस्थेत गेले, असे बहुतेक वेळा घडलेले नसते. मूल पोसण्याची, शिकवण्याची ऐपत त्या घरात नव्हती, आणि मूल संस्थेत घातले तर सरकार त्याच्या जेवणाचा, शाळेचा खर्च उचलते, एवढे मात्र त्या माणसांना ठाऊक होते.

आई-वडिलांपाशी राहणे शक्य नसलेल्या किंवा तिथे सुरक्षित नसलेल्या मुलाचे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक जिल्ह्यातल्या बालकल्याण समितीपुढे रोज येतो. कुणाचे आई-वडील दोघेही गेलेले असतात, कुणाचा बाप तुरुंगात असतो आणि आई परागंदा, कुणाला घरातच मारहाण होत असते. या मुलांसाठी पहिला शोध नात्यातल्या घराचा व्हायला हवा, आणि असे घर सापडले म्हणजे सरकारचे काम संपले असे न मानता तिथून ते सुरू झाले असे मानायला हवे. या विधानाचा पहिला भाग आपल्याकडे सगळ्यांना पटतो. ‘माय मरो पण मावशी जगो’ ही म्हण आपल्या भाषेत उगाच रुजलेली नाही. दुसरा भाग मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो. मावशी आहे ना, मग सरकारने कशाला पडायचे, असा विचार आपण करतो आणि त्यामुळे पहिला भागही अनेकदा फसतो.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. 2015 चा बाल न्याय अधिनियम कलम 3 मध्ये सोळा तत्त्वे सांगतो. मुलाची प्राथमिक जबाबदारी कुटुंबाची आहे आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय आहे, ही त्यांतली दोन. काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल सापडल्यावर प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत समितीपुढे आणायचे, पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी पूर्ण करायची, चार महिन्यांच्या आत समितीने अंतिम आदेश द्यायचा, अशी वेळापत्रकेही कायद्यात आहेत. मुलाला पालकांकडे वा कुटुंबाकडे परत देणे, ‘योग्य व्यक्ती’कडे सोपवणे, प्रायोजकत्व देणे, प्रतिपालक कुटुंबात ठेवणे, असे अनेक मार्ग समितीला खुले आहेत. कलम 45 तर प्रायोजकत्वाची मदत कुणाला द्यावी हे सांगताना विस्तारित कुटुंबात राहणाऱ्या अनाथ मुलांचा स्पष्ट उल्लेख करते. म्हणजे दिशा बरोबर आहे. पण नात्यातल्या घराचा शोध कुणी, किती दिवसांत, कसा घ्यायचा, ते घर कसे पारखायचे आणि नंतर त्याला कसा आधार द्यायचा, याची एकसंध चौकट या कायद्यात सापडत नाही. ‘नातेवाईक’ या शब्दाची व्याख्या कायद्यात आहे, तीही केवळ दत्तकविधानापुरती. काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा एवढीच नाती तिच्यात बसतात. धाकट्यांना सांभाळणारी सज्ञान थोरली बहीण त्या यादीत नाही. प्रत्यक्षात आपल्या समाजात अशा किती बहिणींनी घरे तारली आहेत, हे सांगायला नको.

नात्यातले घर बरे, असे आपण संस्कारामुळे म्हणतो. त्याला पुरावा आहे का? आहे, आणि बराच आहे. पालकांकडून काढलेल्या मुलांविषयी जगात सर्वाधिक आकडेवारी अमेरिकेत जमली, कारण तिथे अशा मुलांसाठी स्वतंत्र न्यायालयीन प्रक्रिया आहे आणि प्रत्येक मूल कुठे ठेवले याची नोंद होते. फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातील संशोधकांनी 2008 मध्ये अशा 1,309 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांच्या आधीच्या परिस्थितीतला फरक हिशेबात घेऊनही, तीन वर्षांनंतर सुरुवातीपासून नातेवाइकांकडे राहिलेल्या मुलांपैकी 32 टक्क्यांत वर्तनाच्या समस्या दिसतील आणि अनोळखी कुटुंबांत राहिलेल्यांपैकी 46 टक्क्यांत, असा त्यांचा अंदाज निघाला. जी मुले आधी परक्या घरी राहून मग नातेवाइकांकडे गेली, त्यांचे प्रमाण या दोहोंच्या मध्ये होते. 2014 मध्ये 102 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यांत मिळून साडेसहा लाखांहून अधिक मुले होती. त्या आढाव्यातही नात्यातल्या घरी राहणाऱ्या मुलांचे मानसिक स्वास्थ्य अधिक चांगले आणि घर बदलावे लागण्याचे प्रमाण कमी आढळले. मूळ पालकांकडे परत जाण्याच्या प्रमाणात मात्र फरक नव्हता, आणि मानसोपचारासारख्या सेवा या मुलांपर्यंत कमी पोहोचत होत्या. ही शेवटची बाब ध्यानात ठेवावी, कारण पुढच्या युक्तिवादाचे मूळ तिच्यात आहे.

या पुराव्यावर एक आक्षेप रास्त आहे. नातेवाइकांकडे मुळातच कमी त्रासातली मुले जात असतील, तर त्यांची स्थिती चांगली दिसणारच. आढावा घेणाऱ्या संशोधकांनी स्वतःच अभ्यासांच्या दर्जाविषयी सावधगिरीचा इशारा दिलेला आहे. म्हणून या आकड्यांवरून नातेवाइकाचे घर जादूची कांडी ठरत नाही. पण एवढे निश्चित म्हणता येते, की इतक्या वेगवेगळ्या अभ्यासांत कल एकाच दिशेने आहे आणि त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. घर सुटलेल्या मुलाचे एका दिवसात सगळेच सुटते. अंथरूण, शाळा, मित्र, घरात बोलली जाणारी बोली, भाजी-भाकरीची चव, हाक मारण्याचे लाडके नाव, सगळे. आजोळी गेलेल्या मुलाला यांतले निम्मे तरी परत मिळते. ‘तुझी आई लहानपणी अशीच हट्टी होती’ हे वाक्य त्याला कुठल्याही बालगृहातली काळजीवाहू बाई सांगू शकत नाही, ती कितीही मायाळू असली तरी. वय आणि मुलगा-मुलगी पाहून संस्था वेगळ्या होतात, तिथे भावंडांची ताटातूट होते. मामाच्या घरी ती एका पंगतीत बसतात. संयुक्त राष्ट्रांनी 2009 मध्ये पर्यायी संगोपनाची जी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, त्यांत विस्तारित कुटुंबाला अग्रस्थान दिले, ते याच कारणासाठी.

मात्र अमेरिकेकडून आकड्यांपेक्षा मोठी शिकवण मिळते ती तिथल्या चुकांमधून. आजी नातवाला सांभाळते ते तिचे कर्तव्यच, तिला पैसे कशाला, असा विचार तिथेही होता. इलिनॉय राज्यात अनोळखी प्रतिपालकाला एका मुलामागे महिन्याला सुमारे 105 डॉलर मिळत. तेच मूल सख्ख्या बहिणीकडे ठेवले तर तिच्या वाट्याला सुमारे 63 डॉलर येत. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1979 मध्ये ‘मिलर विरुद्ध युआकिम’ खटल्यात न्यायालयाने सांगितले, की केवळ नाते आहे म्हणून संघराज्याच्या प्रतिपालन मदतीपासून कुणाला वगळता येणार नाही. 1996 च्या कायद्याने नातेवाइकांना प्राधान्य देण्याचा विचार राज्यांवर सोपवला. 2008 च्या कायद्याने मूल ताब्यात घेतल्यापासून 30 दिवसांत त्याच्या सज्ञान नातेवाइकांना शोधून कळवण्याचे बंधन घातले. तरीही अनेक आज्या-मावश्या मदतीबाहेरच राहिल्या, कारण परवान्याचे नियम परक्या प्रतिपालकांना समोर ठेवून केलेले होते: इतक्या चौरस फुटांची खोली, इतक्या खोल्या. अखेर 2023 मध्ये संघराज्य सरकारने नियम बदलून राज्यांना नातेवाइकांसाठी वेगळे निकष ठेवण्याची मुभा दिली आणि त्यासोबत मदत मात्र परक्या प्रतिपालकाइतकीच द्यावी लागेल अशी अट घातली. आज तिथे सरकारी देखरेखीखालील सुमारे एक तृतीयांश मुले नातेवाइकांकडे आहेत. 1979 ते 2023 म्हणजे 44 वर्षे. ‘नात्यात पैसा कशाला’ हा समज खोडायला इतका काळ लागला.

दुसरी चूक याहून गंभीर आहे आणि आपल्याला ती जास्त ओळखीची वाटेल. तिथल्या यंत्रणा अनेकदा न्यायालयात न जाताच आई-वडिलांना सांगतात, मूल आजीकडे पाठवा, नाहीतर आम्हाला ते ताब्यात घ्यावे लागेल. मूल आजीकडे जाते, फाइल बंद होते. कायद्याचे अभ्यासक जॉश गुप्ता-केगन यांनी 2020 मध्ये या प्रकाराला छुपी प्रतिपालन व्यवस्था म्हटले. यात मुलाला वकील नसतो, पालकांना दाद मागता येत नाही, आजीला मदत मिळत नाही आणि मूल कसे आहे हे पाहायला कुणी जात नाही. सरकारचा खर्च वाचतो, एवढेच. महाराष्ट्रात ही व्यवस्था छुपीसुद्धा नाही. तीच सर्वसाधारण रीत आहे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची मुले आजोळी वाढतात. बीड-नगरकडची ऊसतोड मजुरांची मुले वर्षातले काही महिने आजीच्या भरवशावर गावात राहतात. मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत आई गेल्यावर लेकरे आत्याच्या खोलीत येतात. यांतले फार थोडे प्रसंग बालकल्याण समितीपर्यंत पोहोचतात. समाज आपले काम करतो आहे यात वाद नाही. पण समाज काम करतो म्हणून सरकारला सुट्टी मिळावी, हे पटण्यासारखे नाही.

आपल्याकडे मदतीची योजना नाही असेही नाही. महाराष्ट्र या बाबतीत अनेक राज्यांच्या पुढे आहे. राज्याच्या बालसंगोपन योजनेत, जिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे, अनाथ किंवा एकच पालक असलेल्या आणि इतर संकटांत सापडलेल्या मुलांना घरीच राहून मदत मिळते. काही वर्षांपूर्वीपर्यंत ही रक्कम महिन्याला 425 रुपये होती, नंतर 1,100 झाली आणि 2023 पासून 2,250 आहे. वाढ स्वागतार्ह आहे. तरी भागाकार केला तर दिवसाला 75 रुपये होतात. त्यात दोन वेळचे जेवण, दूध, वह्या, एसटीचा पास आणि पावसाळ्यातले आजारपण बसवायचे आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाची रक्कम महिन्याला 4,000 रुपये आहे, पण तिथे उत्पन्नाची अट आडवी येते: ग्रामीण भागात वर्षाला 72,000 आणि अन्यत्र 96,000 रुपयांपेक्षा जास्त उत्पन्न नको. 72,000 म्हणजे महिन्याला 6,000. ज्या घरात एक माणूस नियमित मजुरीला जातो, ते घर या रेषेच्या वर जाते आणि बहिणीची दोन लेकरे सांभाळणारा मामा अपात्र ठरतो. त्यात मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा दाखला, बँकेचे खाते अशी कागदपत्रे गोळा करून तालुक्याहून जिल्ह्याच्या ठिकाणी खेपा घालायच्या. मंजुरी मिळाली तरी अनुदान महिनोन्महिने थकल्याच्या तक्रारी वर्तमानपत्रांत येतच असतात. आधीच ओढगस्तीत असलेल्या घरासाठी हा सगळा प्रकार दुष्काळात तेरावा महिना ठरतो.

आता सर्वांत वजनदार आक्षेपाकडे वळू. नातेवाईक म्हणजे मायेचेच असतात असे कुणी सांगितले? मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांत आरोपी बहुतेक वेळा ओळखीचाच असतो आणि त्यात घरातली माणसेही असतात. काकाच्या घरी आलेली मुलगी शाळा सोडून धुण्याभांड्याला जुंपली जाते, पंधराव्या-सोळाव्या वर्षी ‘जबाबदारीतून मोकळे’ होण्यासाठी तिचे लग्न उरकले जाते. मृत बापाच्या नावावर जमीन असेल तर पोरक्या पोराविषयी अचानक माया उफाळून येते. सातबाऱ्यावर मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून कुणाचे नाव लागते, यावरून भाऊबंदकी पेटते. हे सारे खरे आहे. इंग्लंडमधले व्हिक्टोरिया क्लिम्बी प्रकरण याचे भीषण उदाहरण आहे. आयव्हरी कोस्टमधली ही मुलगी चांगल्या शिक्षणाच्या आशेने आई-वडिलांनी नात्यातल्या आजीबरोबर पाठवली होती. फेब्रुवारी 2000 मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी, त्याच आजीच्या आणि तिच्या जोडीदाराच्या छळाने ती लंडनमध्ये मरण पावली. लॉर्ड लेमिंग यांच्या चौकशी अहवालाने 2003 मध्ये दाखवून दिले, की समाजसेवा विभाग, पोलीस आणि रुग्णालये यांना तिला वाचवण्याच्या किमान बारा संधी मिळाल्या होत्या आणि त्या सर्व वाया गेल्या.

हे प्रकरण नातेवाइकांवर विश्वास ठेवू नये, याचा पुरावा म्हणून पुढे केले जाते. नीट पाहिले तर त्यातून वेगळाच धडा निघतो. व्हिक्टोरियाला कुठल्या न्यायालयाने तिथे ठेवले नव्हते. ते घर कुणी पारखले नव्हते आणि तिच्याशी एकटीने, तिला कळेल अशा भाषेत, निवांत बोलायला कुणी बसले नव्हते. घात नात्याने केला तसाच पाहणाऱ्यांच्या गैरहजेरीने केला. आणि ही गैरहजेरी संस्थांमध्येही असते. बिहारमधल्या मुझफ्फरपूर बालिकागृहातले अत्याचार 2018 मध्ये बाहेर आले, तेव्हा ते सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थेत घडलेले होते. चार भिंती आणि नोंदवही यांनी मूल सुरक्षित होत नाही. नियमित येणाऱ्या, प्रश्न विचारणाऱ्या माणसाने होते. म्हणून नात्यात धोका आहे या युक्तिवादाचे उत्तर नाते टाळणे हे होत नाही. घर आधी पारखा, आणि नंतर वारंवार पाहा, हे त्याचे उत्तर आहे. घरात कोण कोण राहते, कुणावर गुन्हा आहे का, व्यसन आहे का, मूल कुठे झोपणार, शाळा किती लांब, मुलाच्या नावावर मालमत्ता आहे का, आणि ज्या पालकापासून त्याला धोका आहे त्याची या घरात ये-जा आहे का, हे प्रश्न परिविक्षा अधिकाऱ्याने विचारलेच पाहिजेत. मालमत्तेपुरता तर कायदा स्पष्ट आहे: 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार केवळ सांभाळ करतो म्हणून कुणालाही हिंदू अज्ञान मुलाची मालमत्ता विकता येत नाही. समितीने मूल सोपवताना तलाठ्याला तसे कळवले, तर निम्मी खोटी माया तिथेच ओळखू येईल.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे. पैसे देऊ लागलो तर आजीची माया विकत घेतल्यासारखे होईल, लोक पैशासाठी मुले ठेवून घेतील. यातली भीती समजू शकते; पण परक्या कुटुंबाला किंवा संस्थेला तेच मूल सांभाळण्यासाठी आपण पैसे देतोच. तिथे ते पैसे मुलाचा हक्क ठरतात आणि आजीच्या हाती गेले की लाच कसे होतात? ही मदत मायेचा मोबदला नसते. ती मुलाच्या जेवणाची, औषधाची, शाळेची तरतूद असते आणि मूल कुठे झोपते यावरून तिची रक्कम बदलू नये. शिवाय पैशाबरोबर कागद येतो, कागदाबरोबर गृहभेट येते. म्हणजे मदत हीच देखरेखीची वाट होते. ज्या घराला सरकार काहीच देत नाही, त्या घराचे दार वाजवून मूल कसे आहे असे विचारण्याचा नैतिक अधिकार तरी सरकारला कुठून येणार?

तिसरा आक्षेप कोणत्या नातेवाइकाकडे, हा. आपल्याकडे मूल बापाच्या घराण्याचे, ही समजूत घट्ट आहे. करोनात आई-वडील दोघेही गमावलेल्या गुजरातमधल्या एका मुलाचा ताबा उच्च न्यायालयाने अविवाहित, सरकारी नोकरी असलेल्या मावशीकडे दिला होता. जून 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून मूल वडिलांच्या आई-वडिलांकडे सोपवले. उत्पन्न आणि वय हे एकमेव निकष असू शकत नाहीत, असे न्यायालयाने म्हटले, ते अगदी योग्य आहे. गरीब किंवा म्हातारे म्हणून आजी-आजोबा बाद होऊ नयेत. पण आपल्या समाजात आजी-आजोबाच नातवंडांची अधिक चांगली काळजी घेतात, हा त्या निकालातला सूर सरसकट नियम म्हणून मला मान्य नाही. कुठलेही नाते जन्मतः वरचढ मानले की चौकशीची गरज संपते. आजी, मामा, आत्या यांच्यात निवड करताना मुलाची कुणाशी आधीपासून जवळीक आहे, भावंडे एकत्र राहतील का, शाळा सुटणार नाही ना, आणि स्वतः मुलाला काय वाटते, हे निकष हवेत. सहा वर्षांच्या मुलालाही कुणाच्या कुशीत झोप लागते ते ठाऊक असते. वय झालेल्या आजीची काळजी असेल तर तिच्यामागे दुसरे कोण उभे राहणार, हेही आदेशातच लिहून ठेवता येईल.

नातेवाइकाचे घर हा नेहमी शेवटचा मुक्काम असतो, असेही नाही. नॉर्वेत राहणाऱ्या एका बंगाली दांपत्याची दोन मुले तिथल्या यंत्रणेने ताब्यात घेतली, तेव्हा भारतात मोठा गहजब झाला होता. एप्रिल 2012 मध्ये ती मुले काकाच्या ताब्यात देऊन भारतात पाठवण्यात आली आणि पुढे कलकत्ता उच्च न्यायालयाच्या आदेशाने आईकडे आली. काकाचे घर तिथे पूल ठरले. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनीही हे लक्षात ठेवावे: तिथल्या यंत्रणेपुढे जाण्याची वेळ आलीच, तर मुलाला सांभाळायला तयार असलेल्या नातेवाइकांची नावे पहिल्याच दिवशी पुढे ठेवणे फार मोलाचे ठरते.

मग महाराष्ट्राने करायचे काय? त्यासाठी नवा कायदा येण्याची वाट पाहायची गरज नाही. नियम आणि शासन निर्णय पुरेसे आहेत. मूल समितीपुढे आल्यापासून 30 दिवसांत दोन्हीकडच्या नातेवाइकांचा शोध घेऊन त्यांना लेखी कळवणे बंधनकारक करावे, आणि शोध लागला नाही तर काय प्रयत्न केले ते आदेशात नोंदवावे. न्यूझीलंडने 1989 मध्ये माओरी समाजाच्या रीतीवरून कौटुंबिक बैठक कायद्यात आणली. तिथे सारे नातलग एकत्र बसून मुलासाठी योजना ठरवतात आणि अधिकारी काही वेळ खोलीबाहेर थांबतात. भावकीची बैठक आपल्याला नवी नाही. फक्त तिच्या मध्यभागी जमिनीऐवजी मूल असावे आणि तिचा निर्णय समितीने तपासावा. मदतीची रक्कम बालसंगोपन आणि वात्सल्य यांत वेगवेगळी न ठेवता एकच करावी, उत्पन्नाची अट नातेवाइकांसाठी काढावी आणि पैसे दरमहा ठरल्या तारखेला खात्यात यावेत. समितीने महिन्यातून एकदा तरी तालुक्याच्या ठिकाणी बसावे. पहिल्या वर्षी दर महिन्याला आणि नंतर दर तिमाहीला गृहभेट व्हावी, आणि तीत मुलाशी एकट्याने बोलणे सक्तीचे असावे. नातेवाइकाच्या हाती समितीच्या सहीशिक्क्याचा एक आदेश असावा, जो शाळा, रुग्णालय आणि बँक निमूट मान्य करतील.

या सगळ्याला माणसे लागतील, पैसे लागतील, हे उघड आहे. पण बालगृहाच्या इमारती, कर्मचारी आणि स्वयंपाकघरे यांवर आपण खर्च करतोच. त्यातला काही भाग मुलाच्या मागोमाग त्याच्या आजोळी जाऊ द्यावा, एवढेच मागणे आहे. संस्था लागतीलच, कारण काही मुलांना खरोखर कुणी नसते आणि काहींच्या बाबतीत घरच धोक्याचे असते. त्या मुलांकडे नीट लक्ष द्यायला संस्थांना सवड मिळावी, यासाठीही ज्यांना घर आहे त्यांना घरी जाऊ द्यायला हवे. वाचकांनीही आपल्या शेजारी, आपल्या शाळेत, आपल्या भावकीत असे एखादे मूल असेल तर त्याच्या आजीला किंवा मामीला बालसंगोपन योजनेची माहिती द्यावी, अर्ज भरायला मदत करावी, आणि काही वावगे दिसले तर 1098 या चाइल्ड हेल्पलाइनच्या क्रमांकावर कळवायला कचरू नये. मावशी जगली पाहिजे, हे आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवले. तिला जगवण्याची जबाबदारी आपली आणि आपण निवडून दिलेल्या सरकारची आहे.